४४६ बाइटांची बखर

घरच्या स्टोरेज सर्व्हरवर फ्रीबीएसडी चालत असेल आणि मालकाने झेडएफएस या फाइल सिस्टिमचा पूल, म्हणजे डिस्कांचा एकत्रित साठा, नव्या आवृत्तीवर नेण्याची आज्ञा दिली, तर काम चुटकीसरशी उरकतं. मग पडद्यावर एक छोटी सूचना उमटते: याच पूलवरून मशीन सुरू होत असेल तर बूटलोडरही नवा करायला विसरू नका. खाली त्यासाठीची आज्ञा नमुन्यादाखल दिलेली असते. सूचनेत कसलाही आरडाओरडा नाही. मशीन चालू असतं, फायली दिसत असतात, घरात कोणाचं काही अडलेलं नसतं, त्यामुळे ती वाचून सोडून देणारे पुष्कळ. अडतं ते पुढे कधीतरी वीज जाऊन आल्यावर. पडद्यावर झेडएफएसच्या एखाद्या नव्या वैशिष्ट्याचं लांबलचक नाव येतं, ते आपल्याला कळत नाही असं बूटलोडर सांगतो आणि मशीन तिथेच उभं राहतं. डेटा शाबूत असतो, डिस्कही धडधाकट असतात. गाडी अडलेली असते ती सगळ्यात पहिल्या, चिमुकल्या प्रोग्रामपाशी.

या प्रोग्रामचा इतिहास पंचाहत्तर वर्षांचा आहे आणि त्यातल्या बहुतेक भानगडी याच जातीच्या आहेत. डिस्कवरची मांडणी बदलते. ती वाचणारा पहिला प्रोग्राम मात्र होता तिथेच राहतो, कारण तो कोणाच्या लक्षात नसतो.

मूळ पेच सांगायला सोपा आहे. संगणकाला काहीही करायचं तर स्मृतीत आधी प्रोग्राम हवा. प्रोग्राम डिस्कवर आहे. डिस्क वाचायची तर ती वाचणारा प्रोग्राम हवा, आणि तोही डिस्कवरच. कपाटाची किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं, तसा प्रकार.

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेल्या एडसॅकने ६ मे १९४९ रोजी आपला पहिला प्रोग्राम चालवला. त्याने वर्गसंख्यांचा तक्ता छापला. त्या दिवशीही हा पेच होताच. डेव्हिड व्हीलर या संशोधक विद्यार्थ्याने तो ३१ आज्ञांत सोडवला. या आज्ञा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असत तशा फिरत्या स्विचांवर तारांनी कायमच्या जोडलेल्या होत्या. बटण दाबलं की त्या पाऱ्याच्या नळ्यांच्या स्मृतीत उतरत आणि कागदी फीत वाचायला लागत. फितीवर आज्ञा अक्षरांत आणि दशमान आकड्यांत भोकं पाडून लिहिलेल्या असत. त्यांचं द्विमान रूपांतर करण्याचं कामही याच ३१ ओळी करत. काही महिन्यांतच व्हीलरने ४१ आज्ञांची सुधारित आवृत्ती केली. बूटलोडर अद्ययावत करण्याची ही बहुधा पहिली नोंदलेली घटना, आणि ती पार पाडायला तारांच्या जोडण्या बदलाव्या लागल्या.

त्या काळी प्रत्येक शब्दाची काटकसर का करावी लागे, हे मुंबईच्या उदाहरणावरून कळतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने घडवलेला आणि १९६० मध्ये कामाला लागलेला संगणक, ज्याला १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी टिफ्रॅक हे नाव दिलं, त्याची मुख्य स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या हिशेबात १० किलोबाइट. त्यालाही कागदी फितीवरूनच खाऊ घालावं लागे. एवढ्या जागेत सुरुवात करून देणाऱ्या प्रोग्रामने पाय पसरून बसणं कोणालाच परवडलं नसतं.

आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हा हा विधी नीट बांधून घेतला. मशीनच्या दर्शनी फळीवर चकत्या होत्या. ज्या उपकरणावरून सुरुवात करायची त्याचा क्रमांक त्यांवर लावायचा आणि ‘लोड’ बटण दाबायचं. मशीन त्या उपकरणावरचे पहिले २४ बाइट उचलून स्मृतीच्या अगदी आरंभी ठेवी. पुढचं काय वाचायचं याच्या दोन आज्ञा आणि कुठून कामाला लागायचं याचा पत्ता, एवढाच त्यात मजकूर. या विधीला आयपीएल म्हणत. आयबीएमच्या मेनफ्रेमवाल्यांच्या तोंडी आजही हाच शब्द आहे.

आणि इथेच व्हर्च्युअल मशीनचं बूटही जन्माला आलं. आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि लेस कॉमो यांच्या गटाने एका ३६० चे अनेक आभासी ३६० करून दाखवणारी सीपी-४० ही यंत्रणा उभी केली आणि १९६७ च्या आरंभापासून ती रोजच्या वापरात आली. पुढे ती सीपी-६७ झाली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने गिऱ्हाइकांपर्यंत पोचली. प्रत्येक वापरकर्त्यापुढे एक अख्खं मशीन, पण ते सगळं सोंग. आता सोंगातल्या मशीनलाही सुरुवात लागतेच, आणि त्याला ना फळी, ना चकत्या, ना बटण. म्हणून वापरकर्ता टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर आयपीएल आणि पुढे डिस्कचा क्रमांक टाइप करी. लोखंडी बटणाची आज्ञा झाली ती तेव्हा. घरी सर्व्हर बाळगणाऱ्या हौशी मंडळींना वाटतं की एका मशीनच्या पोटात दुसरं मशीन बूट करणं ही आपल्या पिढीची करामत. ती साठीला आलेली आहे.

लहान मशीनवाल्यांचे हाल मात्र सुरूच होते. डीईसीच्या पीडीपी-११ वर कागदी फीत वाचायची तर आधी १४ शब्द पुढच्या फळीवरच्या स्विचांनी एकेक करून स्मृतीत चढवावे लागत. एक स्विच चुकला की पुन्हा पहिल्यापासून. रोज काम करणाऱ्यांच्या बोटांना ते पाठ झालेले असत. डीईसीने मग ३२ शब्दांचा डायोडांचा एक पत्रा विकायला काढला. त्यावर हे शब्द कायमचे कोरून मिळत. १९७५ च्या अल्टेअर ८८०० लाही पुढे स्विचच होते. त्या मशीनचं बेसिक दाखवायला पॉल ॲलन विमानाने अल्बुकर्कला निघाला, तेव्हा विमान उतरायच्या बेतात असताना त्याच्या लक्षात आलं की फीत वाचून घेणारा लोडरच आपण लिहिलेला नाही. तो त्याने तिथेच बसून कागदावर लिहिला. पुढे मायक्रोसॉफ्ट म्हणून जगाला माहीत झालेल्या कंपनीचा पहिला सौदा या खरडलेल्या कागदावर तरला.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि आज घराघरात असलेल्या मशीनचं वळण ठरलं. चिपमध्ये कोरलेला बायोस फ्लॉपीचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, स्मृतीत ३१ किलोबाइटच्या खुणेपाशी आणून ठेवी आणि त्याच्या हाती कारभार देई. ३१ हा आकडा आला कुठून? डॉससाठी किमान ३२ किलोबाइट स्मृती गृहीत होती. तिच्या शेवटच्या किलोबाइटात बूट सेक्टर ठेवला की बाकीची जागा मोकळी. दीडेक वर्षाने, मार्च १९८३ मध्ये, १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह पीसी एक्सटी आणि डॉस २.० आले. आता एकाच डिस्कचे तुकडे करायची सोय हवी होती. त्यासाठी पहिल्या सेक्टरमधले ६४ बाइट चार तुकड्यांच्या तक्त्याला गेले, शेवटचे दोन बाइट ओळखखुणेला. प्रोग्रामसाठी उरले ४४६.

या आकड्यांनी पुढची तीस वर्षं जग बांधून ठेवलं. तक्त्यात सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिटच ठेवले होते, म्हणून दोन टेराबाइटच्या पलीकडची डिस्क त्यात मावेना. ३१ किलोबाइटची खूण तर अजून जिवंत आहे. आज ६४ गिगाबाइट स्मृतीच्या मशीनवर जुन्या पद्धतीचं व्हर्च्युअल मशीन सुरू करा, त्यातला सीबायोस हा सॉफ्टवेअरचा बायोस तो सेक्टर इमानाने तिथेच आणून ठेवतो. ३२ किलोबाइटांच्या मशीनला घातलेला तो मान अजून कोणी काढून घेतलेला नाही.

पहिला प्रोग्राम ज्याच्या हाती, मशीन त्याच्या हाती. हे सर्वांआधी ओळखणाऱ्यांत लाहोरचे दोघे भाऊ होते. बासित आणि अमजद फारूक अल्वी यांनी १९८६ मध्ये लिहिलेला ब्रेन हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये जाऊन बसे, मूळ सेक्टर दुसरीकडे हलवी आणि ती जागा खराब म्हणून नोंदवून टाकी. आत त्यांच्या दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिलेले होते. इतका सभ्य व्हायरस पुन्हा झाला नाही. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती शोधायला तो लिहिला, असं त्यांचं म्हणणं. १९९२ मध्ये ६ मार्चला मायकेलँजेलो या बूट सेक्टर व्हायरसमुळे जगभरचे संगणक कोलमडणार असा गाजावाजा झाला. प्रत्यक्ष नुकसान त्या मानाने किरकोळ निघालं.

त्याच सुमारास पुण्यात मशीन सुरू करण्याचा एक वेगळाच मार्ग वापरात होता. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सादर केला. त्याच्या ६४ नोडांमध्ये इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिप होत्या. या चिपला चार जोडण्या असत, आणि रॉम नसली तरी तिचं अडत नसे. ती चारही दारांकडे कान लावून थांबे. कोणत्याही शेजाऱ्याकडून पहिला बाइट आला की तो पुढे येणाऱ्या बाइटांची संख्या मानायची, तेवढे घ्यायचे आणि चालवायला लागायचं. पहिला हप्ता जास्तीत जास्त २५५ बाइटांचा. या सोयीमुळे एका चिपमधून शेजारच्या चिपमध्ये सरकत सगळं जाळं जागं करणारे प्रोग्राम लिहिता येत. डिस्क नाही, सेक्टर नाही, त्यामुळे जुना लोडर मागे राहण्याचा प्रश्नही नाही. ट्रान्सप्यूटर पुढे बाजारातून गेला. पीसीचा ५१२ बाइटांचा सेक्टर मात्र सगळ्यांना पुरून उरला.

लिनक्स आल्यावर या ४४६ बाइटांत बसणाऱ्या लोडरांची खरी शर्यत लागली. वर्नर आल्मेस्बर्गरचा लिलो हा पहिला सर्वमान्य लोडर, १९९२ च्या सुमाराचा. त्याला फाइल सिस्टिम म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. कर्नल डिस्कवर कुठल्या कुठल्या ठिकाणी पडला आहे त्याची यादी तो आधीच करून ठेवी आणि सुरुवातीला त्या पत्त्यांवरून तुकडे गोळा करी. युक्ती नामी, पण नवा कर्नल टाकला आणि लिलोची आज्ञा पुन्हा चालवायची राहिली की संपलं: फाइल नव्या जागी, यादीत पत्ते जुने. लिलो सुरू होताना आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून छापी, आणि जिथे अडे तिथेच अक्षरं थांबत. अर्ध्या नावावर गोठलेला तो पडदा नव्वदच्या दशकातल्या लिनक्सवाल्यांना चांगलाच आठवत असेल. जुन्या बायोसला पहिल्या १,०२४ सिलिंडरांपलीकडचं वाचता येत नसे, म्हणून डिस्कच्या सुरुवातीला बूटसाठी वेगळा छोटा विभाग ठेवायची रीतही तेव्हाच पडली. कारण केव्हाच गेलं, रीत राहिली.

लिलोच्या विसरभोळेपणावर उतारा म्हणून ग्रब आला. एरिक बोलिनला १९९५ मध्ये ग्नू हर्ड ही यंत्रणा सुरू करायची होती. आधी त्याने फ्रीबीएसडीचाच लोडर वाकवून पाहिला, मग कंटाळून स्वतःचा लिहिला. १९९९ पासून गॉर्डन मॅट्झिकेट आणि योशिनोरी ओकुजी यांनी तो अधिकृत ग्नू प्रकल्प म्हणून चालवला. ग्रबला फाइल सिस्टिम वाचता येत होती. पत्त्यांची यादी नको. कर्नलचं नाव सांगा, तो शोधून आणतो. सगळ्यांना वाटलं प्रश्न मिटला.

तो फक्त पुढे सरकला होता. फाइल सिस्टिम वाचता येते म्हणजे ती बदलली की पुन्हा शिकावीही लागते. शिवाय एवढं ज्ञान ४४६ बाइटांत मावत नाही. ग्रबने त्यासाठी पहिला सेक्टर आणि पहिला विभाग यांच्यामधल्या ६२ सेक्टरांच्या रिकाम्या पट्टीत बस्तान मांडलं. ही पट्टी कोणाच्याच मालकीची नव्हती. डॉसच्या जुन्या सवयीने ती मोकळी राहिलेली. आकार पुन्हा ३१ किलोबाइट, निव्वळ योगायोगाने. तिथे परवान्याच्या खुणा लपवून ठेवणारी काही व्यापारी सॉफ्टवेअरंही येऊन लिहीत आणि ग्रबचा मजकूर बिघडवत. ग्रबकारांनी शेवटी सीडीवर ओरखडे पडले तरी गाणं ऐकू यावं म्हणून वापरतात ती रीड-सॉलोमन ही चूकदुरुस्तीची पद्धत तिथे लावली. पुढे रेड आणि झेडएफएस वाचायची कलमं घातली की ग्रब त्या पट्टीत मावेना. नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कांवर त्याला स्वतःचा विभाग मिळाला, आणि त्या विभागाच्या सोळा बाइटांच्या ओळखक्रमांकात कोणीतरी, आपल्याला ईएफआयची (बायोसच्या नव्या वारसदाराची) गरज नाही, अशा अर्थाचं खट्याळ इंग्रजी वाक्य कोरून ठेवलं. प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या यंत्रणेच्या इन्स्टॉलरने तयार केलेल्या डिस्कवर हा विभाग आजही सापडतो.

आता झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅट आरेन्स यांनी २००१ मध्ये हात घातलेली ही फाइल सिस्टिम ऑक्टोबर २००५ मध्ये सोलारिसच्या मुख्य प्रवाहात आली. पावेल याकुब डाविडेकने ती फ्रीबीएसडीवर आणली, एप्रिल २००७. तिच्यावरून थेट बूट करण्याचा कोड डग रॅब्सनने २००८ मध्ये घातला. ऑरॅकलने २०१० मध्ये सन विकत घेऊन सोलारिसचा स्रोत पुन्हा बंद केला, तेव्हा बाहेर राहिलेल्या मंडळींनी आवृत्ती क्रमांकांचा नाद सोडून प्रत्येक सुधारणेला नाव द्यायची पद्धत काढली. पूलवर कोणकोणत्या नावांची वैशिष्ट्यं चालू आहेत ते लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याने आपल्याकडची यादी ताडून पाहायची. आवश्यक असलेलं एखादं नाव अनोळखी निघालं तर हात लावायचा नाही.

नियम चोख आहे. अडचण एवढीच की वाचणारे दोन आहेत. कर्नलमधला झेडएफएस प्रत्येक अद्ययावतीकरणात नवा होतो. बूट विभागात बसलेला लोडर मात्र आज्ञा देऊन तिथे उतरवल्याशिवाय बदलत नाही, कारण तो कोणत्याही फाइल सिस्टिमचा भाग नाही, नुसत्या सेक्टरांवर लिहिलेला आहे. पूल वर चढवणं एकेरी आहे, परत फिरता येत नाही. लिलोच्या काळात कर्नल हलायचा आणि यादी जुनी राहायची. इथे पूल हलतो आणि लोडर जुना राहतो. तीस वर्षांत चुकीने कपडे बदलले.

जागेचा जाचही सुटलेला नाही. फ्रीबीएसडीचा हा विभाग आधी ६४ किलोबाइटांचा असे. झेडएफएसची वैशिष्ट्यं वाढत गेली तसा तो अपुरा पडला आणि इन्स्टॉलर ५१२ किलोबाइट देऊ लागला. मग एक मेगाबाइट का नाही, असं कोणालाही वाटेल. कारण त्याला वाचणारा आधीचा टप्पा ५४५ किलोबाइटांहून जास्त वाचूच शकत नाही. १९८१ च्या पीसीची ६४० किलोबाइटांची मर्यादा अशी कुठून कुठून डोकावत राहते.

घरगुती स्टोरेज सर्व्हरचा धंदा या सगळ्यावर उभा राहिला. ऑलिव्हिए कोशार-लाबे या फ्रेंच अभियंत्याने २००५ मध्ये फ्रीनॅस सुरू केलं, एम०एन०वॉल या फायरवॉलच्या पायावर. २०११ च्या आठव्या आवृत्तीपासून आयएक्ससिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने ते नव्याने बांधलं, तेव्हा सगळी यंत्रणा एका पेनड्राइव्हवर दोन सारख्या विभागांत बसे: चालू एकावर, नवी आवृत्ती दुसऱ्यावर. डिसेंबर २०१४ च्या ९.३ मध्ये पेनड्राइव्हवरही झेडएफएस आलं आणि लोडर म्हणून ग्रब. २०१७ च्या ११.० मध्ये ग्रब जाऊन फ्रीबीएसडीचा स्वतःचा लोडर आला. २०२२ मध्ये त्याच कंपनीचं, डेबियनवर बेतलेलं ट्रूनॅस स्केल आलं आणि ग्रब परतला. आठेक वर्षांत तीन फेरे, आणि स्टोरेज सर्व्हरवर लग्नाचे फोटो ठेवणाऱ्या बहुतेकांना त्यांचा पत्ताही लागला नाही. त्याचं श्रेय एका शहाण्या निर्णयाला द्यायला हवं: यंत्रणेचा बूट पूल आणि डेटाचा पूल कायम वेगळे ठेवले. डेटाचा पूल वर चढवला तरी लोडरला त्याचं काही नसतं.

९.३ ने आणखी एक चांगली गोष्ट दिली. दर अद्ययावतीकरणाआधीची अख्खी यंत्रणा जपून ठेवायची आणि बिघडलंच तर सुरुवातीच्या यादीतून जुनी निवडायची. सोलारिसवाल्यांकडची ही पद्धत. फक्त ती यादी दाखवणारा लोडर स्वतः या जपणुकीच्या बाहेर असतो. त्याची प्रत एकच.

मग लोकांनी हे स्टोरेज सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये घातले. फाब्रिस बेलारचा क्यूईएमयू २००३ चा, लिनक्स कर्नलमध्ये केव्हीएम आलं फेब्रुवारी २००७ मध्ये, आणि व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सची पहिली आवृत्ती २००८ ची. एका मशीनवर पाच कामं होतात, वीज वाचते, म्हणून ही चाल घरोघर गेली. डिस्कांचं नियंत्रण करणारं कार्ड अख्खंच व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करायचं, म्हणजे झेडएफएसला खऱ्या डिस्क दिसतात. बूटच्या साखळीची लांबी मात्र दुप्पट झाली. खऱ्या मशीनचं फर्मवेअर, त्याचा लोडर, त्याचा कर्नल. मग सीबायोस किंवा ओव्हीएमएफ हे सोंगातलं फर्मवेअर, पाहुण्या यंत्रणेचा लोडर, तिचा कर्नल. मधे त्या कार्डाची स्वतःची बूट रॉम लुडबुड करते ती वेगळी. जाणकार ती व्हर्च्युअल मशीनपुरती बंदच ठेवतात.

व्हर्च्युअल डिस्कमुळे लोडरला प्रथमच मागे येण्याची वाट मिळाली. अद्ययावत करण्याआधी स्नॅपशॉट घ्या, फसलं तर परत फिरा; पहिला सेक्टर, बूट विभाग, सगळं जसंच्या तसं. पण ही वाट अर्धीच आहे, आणि घरगुती सर्व्हरवाल्यांनी ओळखायला हवा असा सगळ्यात महत्त्वाचा सापळा इथे आहे. स्नॅपशॉट घेतला जातो तो यंत्रणेच्या व्हर्च्युअल डिस्कचा. कार्डामार्फत थेट दिलेल्या खऱ्या डिस्क त्यात येत नाहीत. मधल्या काळात डेटाचा पूल वर चढवलेला असेल, तर मागे फिरलेल्या जुन्या यंत्रणेला तो उघडता येईलच असं नाही. बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआय पद्धतीत आणखी एक बारकावा आहे: बूटच्या नोंदी एका चिमुकल्या वेगळ्या डिस्कवर राहतात. ती जोडलीच नसेल तर प्रॉक्समॉक्स इशारा देऊन तात्पुरती डिस्क वापरतं, नोंदी दर वेळी पुसल्या जातात आणि ठरलेल्या नावाचा लोडर ठरलेल्या जागी सापडला तरच गाडी पुढे सरकते.

खऱ्या मशीनच्या बाजूला प्रॉक्समॉक्सवाल्यांनी काढलेला तोडगा इतिहासाच्या दृष्टीने सगळ्यात गमतीदार. ग्रबला झेडएफएसची मोजकीच वैशिष्ट्यं कळतात. उबुंटूने २०१९ मध्ये त्यावर उपाय म्हणून बूटसाठी साध्या वैशिष्ट्यांचा वेगळा छोटा पूल ठेवला, लिलोच्या काळातल्या त्या छोट्या विभागाचा नातूच. प्रॉक्समॉक्सने आधी यूईएफआय मशीनपुरतं आणि मग २०२१ च्या ६.४ आवृत्तीत जुन्या बायोसवरही लोडरला झेडएफएस वाचायला लावणंच बंद केलं. दर नव्या कर्नलबरोबर एक साधन त्याची प्रत फॅट विभागात नेऊन ठेवतं. फॅट म्हणजे १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये जन्मलेली फाइल सिस्टिम. झेडएफएससारखी ती दोन डिस्कांवर आपोआप एकसारखी राखता येत नाही, म्हणून दोन डिस्कांवर दोन वेगळ्या प्रती ठेवाव्या लागतात. नव्वदच्या दशकात लिलोची आज्ञा पुन्हा चालवायचे तसंच काम पुन्हा आलं. या वेळी ते यंत्र स्वतः करतं एवढाच फरक. आणि खरं सांगायचं तर हाच तोडगा बरोबर आहे. पहिल्या प्रोग्रामला जितकं कमी समजावं लागेल तितका तो कमी अडतो.

यूईएफआयने फॅट स्वीकारला त्यामागेही हाच विचार. इंटेलने इटेनियम प्रोसेसरसाठी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जुन्या बायोसला पर्याय शोधायला सुरुवात केली आणि २००५ मध्ये त्याचा उद्योगव्यापी मंच झाला. लोडर आता सेक्टरांवर कोरलेला राहिला नाही, साधी फाइल झाला. फ्रीबीएसडीने सुरुवातीला या विभागाला ८०० किलोबाइट दिले होते. पुढे २०० मेगाबाइट, मग २६०. जागेची चणचण संपली.

मग सहीचा प्रश्न आला. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट सर्वत्र आलं. फर्मवेअर ज्याची सही ओळखतं तोच लोडर चालवायचा, आणि बहुतेक पीसींवर ती सही मायक्रोसॉफ्टची. लिनक्सवाल्यांनी मॅथ्यू गॅरेटने लिहिलेल्या शिम या छोट्या लोडरवर ती सही घेऊन आपली सोय लावली. जुलै २०२० मध्ये ग्रबमधलं बूटहोल हे भगदाड जाहीर झालं. मांडणीची फाइल वाचताना ग्रब गोंधळे आणि सही तपासण्याचा सगळा बंदोबस्त वाया जाई. त्यावरची दुरुस्ती बसवल्यावर रेड हॅट आणि सेंटओएसची कित्येक मशीन सुरूच होईनात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणाने जुने शिम बाद ठरवले आणि शेजारच्याच विभागात असलेलं लिनक्स अनेकांच्या मशीनवर अडलं.

मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या मूळ प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपते. मुदत संपली म्हणून चालू मशीन बंद पडत नाही, पण नवे लोडर २०२३ च्या प्रमाणपत्राची सही घेऊन येतात आणि जुनी यादी बाळगणाऱ्या फर्मवेअरला ती सही ओळखता येत नाही. घरच्या सर्व्हरवर ही यादी एकाच ठिकाणी नसते. ती यजमान मशीनच्या मदरबोर्डवर असते, आणि सिक्युअर बूट चालू असलेल्या प्रत्येक व्हर्च्युअल मशीनच्या त्या चिमुकल्या ईएफआय डिस्कवर वेगळी असते, ते मशीन ज्या दिवशी तयार केलं त्या दिवसाची. मदरबोर्डचं फर्मवेअर नवं केलं तरी ती आपोआप बदलत नाही. दर मशीनला स्वतंत्र हात लावावा लागतो.